एकट्याच्या नावावर धंदा सुरू करताना : कोणता कागद, कोणत्या क्रमाने

शिवणकामाचे दुकान, मोबाइल दुरुस्ती, घरगुती फराळ, वायरमनची कंत्राटे किंवा घरी संगणकावर बसून केलेले डिझाइनचे काम, यांपैकी काहीही स्वतःच्या एकट्याच्या जबाबदारीवर करायचे ठरवले की पहिला प्रश्न येतो तो नोंदणीचा. ‘फर्म रजिस्टर कुठे करायची?’ असे विचारणाऱ्याला सरळ उत्तर मिळत नाही, कारण एकल मालकीच्या व्यवसायासाठी, म्हणजे बाजारात ज्याला प्रोप्रायटरशिप म्हणतात त्यासाठी, आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. कंपनीची नोंद कंपनी निबंधकाकडे होते, भागीदारीची नोंद भागीदारी संस्था निबंधकाकडे होते. एकट्याच्या धंद्याची अशी जन्मनोंद कोणत्याही कार्यालयात होत नाही. वेगवेगळ्या खात्यांनी वेगवेगळ्या कारणांसाठी दिलेले कागद एकत्र ठेवले की त्यातूनच धंद्याचे अस्तित्व सिद्ध होते. या कागदांपैकी बरेचसे नव्या माणसाला पहिल्या वर्षी लागतही नाहीत. एजंट मात्र सगळ्यांचा गठ्ठा बांधून ‘पॅकेज’ विकतात. म्हणून महाराष्ट्रात नव्याने धंदा सुरू करणाऱ्याने कोणता कागद केव्हा घ्यावा आणि कोणता तूर्त घेऊ नये, याचा क्रम येथे दिला आहे.

सुरुवात करण्यापूर्वी : मालक आणि धंदा एकच

एकल मालकीत धंद्याला मालकापेक्षा वेगळे कायदेशीर अस्तित्व नसते. वेगळा पॅन मिळत नाही, मालकाचाच पॅन चालतो. नफा मालकाच्या उत्पन्नात धरला जातो आणि कर्जही मालकाचेच असते. याचा फायदा असा की सुरुवातीला खर्च जवळजवळ नसतो आणि कोणाची परवानगी न घेता निर्णय करता येतात. तोटा असा की दुकानावरचे देणे फिटले नाही तर सावकार, पुरवठादार किंवा बँक मालकाच्या खासगी मालमत्तेपर्यंत पोहोचू शकते. म्हणून ज्या कामात एका चुकीने दुसऱ्याचे मोठे नुकसान होऊ शकते, उदाहरणार्थ वीजजोडणीची मोठी कामे किंवा शंभर-दोनशे पानांचे जेवण पुरवणे, तेथे विम्याचा विचार पहिल्याच महिन्यात करावा. राहते घर तारण ठेवून भांडवल उभारण्याचा मोह मात्र टाळावा, निदान पहिली दोन वर्षे तरी.

नोकरीत राहून जोडधंदा करणाऱ्यांनी नेमणूकपत्रातील अटी वाचाव्यात. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असल्यामुळे परवानगीशिवाय व्यापार करता येत नाही, आणि ‘बायकोच्या नावाने चालवतो’ ही पळवाट वाटते तितकी सुरक्षित नाही.

सरकारी अनुदान असलेले कर्ज घ्यायचे मनात असेल तर त्याचा विचारही येथेच, सर्वांत आधी करावा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम या दोन्ही योजना नव्या उद्योगासाठी आहेत. आधी दुकान थाटायचे, यंत्रे घ्यायची आणि मग अनुदानासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जायचे, असा उलटा क्रम केला की धंदा ‘जुना’ ठरतो आणि अर्ज तेथेच अडतो. मुद्रा कर्जाचे तसे नाही. ते चालू धंद्यालाही मिळते. त्यात शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात त्यापुढे ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. तरुण गटातले कर्ज नीट फेडलेल्यांसाठी २०२४ पासून २० लाखांपर्यंतचा वरचा गटही आहे. मुद्रा कर्ज म्हणजे अनुदान, असा समज गावोगाव आहे. तो खरा नाही; ते तारण न मागता दिलेले, पण व्याजासह फेडायचे कर्ज आहे.

पायरी पहिली : नाव आणि पाटी

नाव स्वतःचे ठेवले तरी चालते. वेगळे ठेवायचे असेल तर त्यात ‘लिमिटेड’ किंवा ‘प्रायव्हेट लिमिटेड’ हे शब्द येऊ नयेत, आणि शासकीय संस्था किंवा राष्ट्रीय चिन्हे सुचवणारे शब्द टाळावेत, कारण १९५० च्या बोधचिन्हे व नावे अधिनियमाने त्यांना मनाई आहे. व्यापारचिन्ह नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर कोणीही विनामूल्य शोध घेऊ शकतो. आपल्या मनातले नाव आपल्याच प्रकारच्या मालासाठी कोणी आधी नोंदवले आहे का, हे पाटी रंगवण्यापूर्वी पाहून घ्यावे. स्वतःचे व्यापारचिन्ह नोंदवायची घाई करण्याचे कारण नाही. शिलाईच्या दुकानाला ते बहुधा कधीच लागत नाही. डबाबंद मसाला विकणाऱ्याला मात्र माल दुसऱ्या तालुक्यात जाऊ लागला की लागते. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जासाठी मालाच्या एका वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क पडते.

पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणे राज्यात बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर एकही कामगार नसलेल्या दुकानालाही हा नियम लागू झाला. दुसऱ्या भाषेतही नाव लिहायचे असेल तर मराठी अक्षरे आधी यावीत आणि ती इतर लिपीपेक्षा लहान असू नयेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिल्यानंतर या नियमाकडे काणाडोळा करण्याचे दिवस संपले. पाटी आधीच नीट करून घ्यावी, कारण पुढच्या पायरीत तिचा फोटो लागतो.

पायरी दुसरी : जागा

जागा भाड्याची असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार तो नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे, पण करार नसल्याचा फटका भाडेकरूलाच अधिक बसतो, कारण पत्त्याचा पुरावा म्हणून प्रत्येक खाते हाच कागद मागते. करारात जागा ‘व्यवसायासाठी’ दिल्याचे स्पष्ट लिहून घ्यावे. घरातूनच काम करणाऱ्यांना घराचे वीजबिल आणि, जागा आईवडिलांच्या नावावर असल्यास, त्यांचे संमतीपत्र पुरते. गिऱ्हाइकांची ये-जा, यंत्राचा आवाज किंवा तेलाचा वास होणार असेल तर सोसायटीशी आधी बोलून घेणे बरे. तक्रार आल्यावर मिळालेली परवानगी महाग पडते.

पायरी तिसरी : शॉप ॲक्टची सूचना

ज्याला आजही अनेक जण गुमास्ता म्हणतात तो हा कागद. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ हा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला आणि त्याने जुनी पद्धत बरीच सोपी केली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणी घ्यावी लागत नाही. धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांच्या आत ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पोच जपून ठेवायची, एवढेच पुरते. दहाची ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला, पण एकट्याने काम करणाऱ्याला दोन्ही आकडे सारखेच दूरचे आहेत. आधार, मालकाचा फोटो, मराठी पाटीसह दुकानाचा फोटो आणि स्वयंघोषणापत्र जोडले की काम होते. खर्च नाममात्र येतो. या पोचेला दरवर्षी नूतनीकरण लागत नाही. पत्ता, नाव किंवा धंद्याचे स्वरूप बदलले तर मात्र ते कळवावे लागते.

गोव्यात १९७३ चा वेगळा दुकाने व आस्थापना कायदा चालतो, त्यामुळे पेडणे किंवा म्हापशात दुकान टाकणाऱ्याने ही पायरी महाराष्ट्राच्या नियमांवरून ठरवू नये.

पायरी चौथी : उद्यम नोंदणी

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची केंद्र सरकारची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती पूर्णपणे विनामूल्य आहे, आधार आणि पॅनवर होते, कोणताही कागद अपलोड करावा लागत नाही आणि अर्ज भरायला अर्धा तास पुरतो. शोधयंत्रात ‘उद्यम’ टाकल्यावर सर्वांत वर दिसणारी अनेक संकेतस्थळे खासगी असतात. त्यांचा रंग आणि बोधचिन्ह सरकारी वाटते आणि शेवटी दोन-तीन हजार रुपये मागितले जातात. पत्त्याच्या शेवटी सरकारी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे की नाही, एवढे पाहिले तरी हे पैसे वाचतात.

अर्जात दोन ठिकाणी नवा माणूस अडखळतो. पहिले म्हणजे बँक खात्याचा तपशील : चालू खाते अजून उघडलेले नसते, आणि ते उघडायला उद्यम प्रमाणपत्र हवे असते. अशा वेळी स्वतःच्या बचत खात्याचा तपशील द्यावा आणि पुढे तो बदलून घ्यावा. दुसरे म्हणजे कामाचा सांकेतिक क्रमांक. येथे उत्पादन, सेवा की व्यापार हे नीट निवडावे, कारण किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यममध्ये घेतले असले तरी ते फक्त प्राधान्य क्षेत्राच्या, म्हणजे बँकांनी ठरावीक गटांना अग्रक्रमाने द्यायच्या, कर्जापुरते. स्वतः माल बनवणारा किंवा सेवा देणारा यांना मिळणारे एक मोठे संरक्षण व्यापाऱ्याला मिळत नाही.

ते संरक्षण म्हणजे अडकलेल्या पैशाचे, आणि माझ्या मते या नोंदणीचा खरा उपयोग तोच आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे ग्राहकावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहक कंपनीला त्या वर्षी आपल्या खर्चात धरता येत नाही, अशी तरतूद आयकरातही आली. मोठ्या कारखान्याला जॉबवर्क करून देणाऱ्या चाकणच्या किंवा इचलकरंजीच्या एकट्या कारागिराला या दुसऱ्या तरतुदीचा पहिलीपेक्षा जास्त फायदा होतो, कारण मार्च जवळ आला की कारखान्याचा हिशेबनीस स्वतःहून फोन करतो. बिलावर उद्यम क्रमांक छापावा आणि माल देण्यापूर्वीच नोंदणी झालेली असावी. नंतरच्या नोंदणीवर जुने पैसे मागायला गेले की वाद सुरू होतात.

एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची व्याख्या रुंदावली आहे : यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल. एकट्याचा धंदा बहुधा या गटातच राहतो.

पायरी पाचवी : चालू खाते आणि क्यूआर कोड

रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक ओळख नियमांनुसार एकल मालकीचे खाते उघडताना मालकाच्या ओळखीच्या कागदांबरोबर धंद्याच्या नावाचे दोन पुरावे मागितले जातात. उद्यम प्रमाणपत्र आणि शॉप ॲक्टची पोच मिळून हे दोन होतात. काही शाखांत मात्र पोच पाहून ‘हे लायसन्स नाही, लायसन्स घेऊन या’ असे ऐकवले जाते. तेव्हा वाद न घालता, दहापेक्षा कमी कामगार असताना कायदा पोचच देतो, परवाना देतच नाही, हे पोचेवर छापलेल्या मजकुरावर बोट ठेवून दाखवावे. तरीही नाही म्हणाले तर शाखा व्यवस्थापकांकडे लेखी अर्ज द्यावा. दोन पुरावे देणे शक्य नसल्याची बँकेची खात्री पटली तर एका पुराव्यावरही, जागेची पडताळणी करून, खाते उघडण्याची मुभा नियमात आहे. ती फारशी सांगितली जात नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

चालू खात्यात किती शिल्लक सतत ठेवावी लागते हे विचारल्याशिवाय सही करू नये. नव्या धंद्याला दहा हजारांची अटही जड जाते, आणि दंड मात्र महिन्याच्या महिन्याला कापला जातो. जवळची सहकारी बँक या बाबतीत पुष्कळदा सोयीची असते.

दुकानातला क्यूआर कोड या चालू खात्यालाच जोडावा. स्वतःच्या बचत खात्याचा कोड काउंटरवर चिकटवणे सोपे असते, पण मग भावाने पाठवलेले पैसे, भिशीचे पैसे आणि गिऱ्हाइकाचे पैसे एकाच यादीत येतात. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयवरील जमा रकमा पाहून बेंगळुरूतील लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या, तेव्हा मोठी तक्रार हीच होती की सगळी जमा ही विक्री नव्हती. तसे असेलही, पण ते दाखवायला दोन खाती वेगळी असावी लागतात.

पायरी सहावी : व्यवसाय कर

ही पायरी सर्वांत जास्त विसरली जाते. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यानुसार धंदा करणाऱ्या व्यक्तीला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर स्वतःचा म्हणून भरावा लागतो आणि त्यासाठी राज्याच्या जीएसटी खात्याच्या संकेतस्थळावरून नावनोंदणी घ्यावी लागते. धंदा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो, आणि पुढे दरवर्षी साधारणपणे ३० जूनपर्यंत रक्कम भरायची असते. कामाला माणूस ठेवला आणि त्याचा पगार महिना ७,५०० रुपयांवर गेला की मालक म्हणून दुसरी नोंदणी लागते व त्याच्या पगारातून कर कापून भरावा लागतो. महिला कामगारांच्या बाबतीत ही मर्यादा २५,००० रुपये आहे. रक्कम लहान आहे म्हणून दुर्लक्ष होते आणि चार-पाच वर्षांनी व्याज व दंडासह एकदम समोर येते.

पायरी सातवी : जीएसटी घ्यावा की न घ्यावा

या प्रश्नावर घाई केलेले अधिक आणि उशीर केलेले कमी दिसतात. फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाख उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणी बंधनकारक नाही. माल आणि सेवा दोन्ही असतील तर २० लाखांची मर्यादा धरावी. उलाढाल मोजताना एका पॅनवर चालणारे सगळे धंदे एकत्र धरले जातात, आणि करमाफ मालाची विक्रीही त्यात येते. नाशिकमध्ये एकाच माणसाचे सुट्या भागांचे दुकान आणि रिक्षादुरुस्तीचे गॅरेज असेल तर ते दोन वेगळे धंदे आहेत ही समजूत जीएसटीपुरती सोडून द्यावी.

या मर्यादेला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो सीमेलगतच्या जिल्ह्यांत रोज भेटतो. करपात्र माल राज्याबाहेर विकला की, हस्तकलेसारख्या मोजक्या सवलती सोडल्यास, उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. बांद्याच्या उत्पादकाने कोकम सरबताच्या बाटल्या सावंतवाडीत विकल्या तर ४० लाखांची मर्यादा आहे. त्याच बाटल्या काही किलोमीटरवरच्या म्हापशाच्या दुकानाला पाठवल्या तर पहिल्याच खेपेला जीएसटी क्रमांक हवा. सेवेला हा नियम नाही. कोल्हापुरात बसून बेळगावच्या गिऱ्हाइकासाठी डिझाइन करणाऱ्याला २० लाखांपर्यंत मोकळीक आहे. ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकणाऱ्यांनाही पूर्वी नोंदणी अटळ होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्याला केवळ नावनोंदणी क्रमांकावर विक्री करता येते.

गरज नसताना ऐच्छिक नोंदणी घ्यावी का, याचे उत्तर गिऱ्हाईक कोण यावर ठरते. गिऱ्हाईक कंपन्या असतील तर त्यांना भरलेल्या कराची वजावट मिळते, त्या क्रमांक असलेल्याकडूनच काम घेतात, आणि स्वतःच्या खरेदीवरचा करही वळता होतो. तेव्हा नोंदणी फायद्याची. गिऱ्हाईक घरगुती असेल तर कराची रक्कम एक तर किमतीत वाढते नाहीतर मालकाच्या खिशातून जाते, आणि वर विवरणपत्रांचा व्याप मागे लागतो. नोंदणी घेतली की एकही बिल झाले नाही तरी शून्याचे विवरणपत्र भरावेच लागते. चुकले तर शून्याच्या विवरणपत्राला दिवसाला २० रुपये आणि इतरांना ५० रुपये विलंब शुल्क चढत राहते. क्रमांक मिळवण्याचे सरकारी शुल्क शून्य आहे हेही लक्षात ठेवावे.

मर्यादा ओलांडली पण बहुतेक गिऱ्हाईक किरकोळ आहे, अशांसाठी कंपोझिशन योजना आहे. त्यात दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला आणि उत्पादकाला उलाढालीवर १ टक्का, मद्य न देणाऱ्या उपाहारगृहाला ५ टक्के आणि ५० लाखांपर्यंतच्या सेवा व्यावसायिकाला ६ टक्के कर तिमाहीला भरता येतो. मात्र बिलावर कर वेगळा लावता येत नाही आणि माल राज्याबाहेर विकता येत नाही.

पायरी आठवी : धंद्यानुसार लागणारे परवाने

वरचे कागद सर्वांना सारखे आहेत. याशिवाय काही धंद्यांना खास परवाने लागतात आणि ते नसताना सुरुवात करू नये. खाण्याचा कोणताही पदार्थ विकणाऱ्याला, मग तो घरच्या ओट्यावर केलेला दिवाळी फराळ का असेना, अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना लागतो आणि त्याचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. पाकीटबंद मालावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तयार केल्याचा महिना व वर्ष, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठीचा संपर्क ही माहिती वैधमापन नियमांनी सक्तीची आहे. चिवड्याच्या पाकिटावर फक्त स्वतःचे नाव आणि मोबाइल क्रमांकाचे लेबल चिकटवून भागत नाही. औषधांचे दुकान, फटाके, तोलकाटे आणि शहरातील काही विशिष्ट धंदे यांचे परवाने स्वतंत्र आहेत. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत एकदा चौकशी केलेली बरी.

पायरी नववी : बिल आणि वही

कागद मिळवणे हे एकदाचे काम आहे. बिल आणि वही हे रोजचे. बिलाचे पुस्तक छापताना वर धंद्याचे नाव, खाली ‘प्रोप्रा.’ लिहून मालकाचे नाव, पत्ता, उद्यम क्रमांक, सलग बिल क्रमांक, तारीख आणि गिऱ्हाइकाचे नाव एवढे असावे. आर्थिक वर्ष बदलले की क्रमांकाची नवी मालिका सुरू करावी. जीएसटी क्रमांक नसलेल्याने बिलात ‘जीएसटी’ म्हणून एक रुपयाही लावू नये. तो गुन्हा ठरतो. बिल रद्द झाले तर फाडून टाकू नये, त्यावर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहावे आणि दोन्ही प्रती पुस्तकात ठेवाव्यात.

रोजकीर्द ठेवायला संगणक लागत नाही. दुकान बंद करताना एका पानावर पाच ओळी लिहाव्यात : सकाळची रोख शिल्लक, दिवसभराची रोख विक्री, क्यूआरवरची विक्री, रोखीने झालेला खर्च आणि घरखर्चासाठी केलेली उचल. हिशेबाने येणारी शिल्लक आणि गल्ल्यातली मोजलेली रक्कम जुळली पाहिजे. पाचवी ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, कारण मालक गल्ल्यातून भाजीला काढलेले दोनशे रुपये लिहीत नाही आणि महिनाअखेरीस धंद्यात पैसे का राहत नाहीत याचे कोडे त्याला पडते. उधारीची वही वेगळी ठेवावी आणि तिच्यात गिऱ्हाइकाची सही घ्यावी. ओळखीच्या माणसाकडे सही मागायला संकोच वाटतो, तरीही घ्यावी. एका दिवसात एकाच माणसाला रोखीने १० हजारांपेक्षा जास्त दिले तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही, आणि एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, ही दोन बंधनेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखी आहेत.

पायरी दहावी : आयकर

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू असल्यामुळे जुन्या कलमांचे क्रमांक बदलले, पण लहान धंद्यासाठीची अंदाजित उत्पन्नाची सवलत कायम आहे. २ कोटींपर्यंत उलाढाल असलेला धंदेवाईक सविस्तर हिशेब न देता, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या ६ टक्के आणि रोख रकमेच्या ८ टक्के इतका नफा दाखवू शकतो. रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ३ कोटींची होते. डॉक्टर, वकील, अभियंता, वास्तुविशारद, लेखापाल, अंतर्गत सजावटकार अशा ठरावीक व्यावसायिकांना मात्र मिळकतीच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवावी लागते आणि त्यांची मर्यादा ५० लाख, रोखी कमी असल्यास ७५ लाख आहे. दलाली आणि कमिशनवर काम करणाऱ्यांना यातले काहीच लागू नाही.

मिरजेतील एका शिलाईच्या दुकानात वर्षाला १८ लाख जमा झाले, त्यांपैकी १३ लाख यूपीआयने आणि ५ लाख रोखीने, असे समजू. १३ लाखांचे ६ टक्के म्हणजे ७८ हजार आणि ५ लाखांचे ८ टक्के म्हणजे ४० हजार. एकूण किमान नफा १ लाख १८ हजार. दुसरे उत्पन्न नसेल तर यावर कर लागणार नाही. खरा नफा याहून जास्त असेल तर तो दाखवावा, आणि दाखवण्यात हितही आहे : पुढे घराचे किंवा यंत्राचे कर्ज मागायला गेल्यावर बँक दुकानातली गर्दी पाहत नाही, विवरणपत्रातला आकडा पाहते. वर्षाला लाखभर उत्पन्न दाखवणाऱ्याला वीस लाखांचे कर्ज कोणी देत नाही.

याउलट, नफा ६ किंवा ८ टक्क्यांहून कमी दाखवायचा असेल तर वह्या आणि काही परिस्थितीत लेखापरीक्षणही आवश्यक होते. शिवाय एकदा ही सवलत सोडली की पुढची पाच वर्षे ती परत घेता येत नाही. अंदाजित पद्धतीने कर भरणाऱ्याचा आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. कंपन्यांनी बिलातून कापलेला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर, आपल्या पॅनवर खरोखर जमा झाला की नाही, हे आयकराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला पाहावे. वर्ष संपल्यावर त्यांच्या हिशेबनिसाच्या मागे धावण्यापेक्षा ते सोपे जाते.

सनदी लेखापालाची गरज पहिल्या वर्षी एकदाच, विवरणपत्र भरताना पडते. कोणाला किती वेळा भेटायचे हे उलाढालीवर ठरवावे, पण आपले संकेतस्थळांचे पासवर्ड आणि नोंदणीला दिलेला मोबाइल क्रमांक व ईमेल स्वतःचाच असावा, एजंटचा नव्हे. एजंट बदलला की खाते उघडता येत नाही, आणि नोटीस आली तरी ती त्याच्याच मोबाइलवर जाते.

धंदा बंद करावा लागला तर

पहिल्या दोन वर्षांत अनेक धंदे बंद पडतात किंवा बदलतात, आणि शटर खाली ओढले म्हणजे सगळे संपले असे मानले जाते. नोंदणी रद्द करून घेतली नाही तर व्यवसाय कराची मागणी वर्षामागून वर्ष येत राहते. जीएसटी क्रमांक असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज करावा आणि रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावे. शॉप ॲक्टच्या पोर्टलवर आणि उद्यममध्ये बंद झाल्याची नोंद करावी, चालू खात्यात पडून राहिलेली शिल्लक काढून खाते बंद करावे, आणि बिलांची पुस्तके व रोजकीर्द किमान सहा-सात वर्षे घरात जपून ठेवावीत.